गीझर, नळ आणि आमची ही

२ फेब्रुवारी

कारखान्याची जुनी डायरी सापडली. साल नऊ वर्षांपूर्वीचं, वार जुळत नाहीत, पण पानं कोरी आहेत. आमची ही असती तर तिने ती केव्हाच रद्दीत घातली असती. हिला जाऊन येत्या उन्हाळ्यात तीन वर्षं होतील. फुप्फुसाच्या आजाराने गेली. तेव्हापासून घरात बोलायला माणूस नाही. लेथसमोर तीस वर्षं ओरडून बोलायची सवय, आता गप्प बसवत नाही. म्हणून कागदाशी बोलायचं ठरवलंय.

आज लेकीचा फोन आला. तिला इथल्या ऑफिसात तीन आठवड्यांचं ट्रेनिंग आहे, दोन मार्चपासून. नातही बरोबर येणार, पाच वर्षांची. मी म्हटलं, "मग घर आहे की! त्यात विचारायचं काय?" तर म्हणते, "बाबा, ऑफिसचं गेस्ट हाउस आहे. तुम्हाला उगाच त्रास." त्रास म्हणे! सकाळपासून भिंतींकडे बघत बसतो, तो काय सुखाचा डोंगर आहे?

लग्न होऊन दहा वर्षं झाली, ही पोरगी या घरात एकदाही मुक्कामाला राहिली नाही. अकराला यायचं, आंघोळ करूनच यायचं, दिवे लागायच्या आत निघायचं. आईच्या शेवटच्या दिवसांतसुद्धा मैत्रिणीकडे उतरली. मी तिला कधी बोट लावलं नाही. कुठे काय चुकलं, तेच कळत नाही. जावयाने कान भरले असतील, असं आपलं मी धरून चाललोय. गरीब माणूस आहे तो, पण कुणावर तरी घालायला हवं ना.

यावेळी तिने इथे राहावं. बस, एवढंच हवंय मला. तीन आठवडे नकोत, तीन दिवस चालतील.

४ फेब्रुवारी

घर पाहुण्याच्या नजरेने बघितलं. तिसरा मजला, चाळीस वर्षांची बिल्डिंग, पंखे कुरकुरतात. बाथरूममधला गीझर तर हिच्या माघारी कधी लावलाच नाही. मला लागत नाही. मी बारा महिने पहाटे पाचला गार पाण्याने आंघोळ करतो, आजतागायत सर्दी माहीत नाही.

मायलेकी दोघी कडकडीत पाणीवाल्या. आणि दोघींचं एकच पालुपद, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात! हिने तर नाना तऱ्हा केल्या. स्वयंपाकघरात रबरी चपला काय, आंघोळीला लाकडी पाट काय. मी म्हणायचो, महाराणींना सिंहासन लागतं. पोरगी कॉलेजात असताना एकदा साबणावरून घसरली, हनुवटीला चार टाके पडले. त्यानंतर तर झिणझिण्यांचं पालुपद आणखीच वाढलं. शेवटी एका संध्याकाळी कारखान्यातून आलो तो तसाच बाथरूममध्ये शिरलो, दोघींना दारात उभं केलं आणि नळ मुठीत धरला. "हा बघा. काय होतंय? मला कसा बसत नाही शॉक?" त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

शेवटची दोन वर्षं ही पाणी गॅसवर तापवायची. गीझरचं पाणी अंगाला मानवत नाही म्हणायची. बायकांची एकेक खुळं.

नवा गीझर बसवून घ्यायचा. नातीला गरम पाणी लागेल.

७ फेब्रुवारी

इलेक्ट्रिकच्या दुकानदाराला म्हटलं होतं, चांगला वायरमन पाठव. त्याने पाठवली बाई. चाळिशीची, पँट-शर्ट, खांद्याला हत्यारांची पिशवी. माझं तोंड बघून म्हणाली, "वडील वायरमन होते काका. आता मी आहे. आत येऊ की वडिलांना वरून बोलावू?" जीभ म्हणजे कानस आहे नुसती.

तिने मीटरबोर्ड उघडला, गीझरचा पॉइंट उघडला आणि विचारलं, "हे वायरिंग कुणाचं?"

"माझं. मी आणि मेहुण्याने केलंय." मी जरा छाती काढूनच सांगितलं. कारखान्यात सेफ्टीचा फलक रोज माझ्या हाताने लिहिला जायचा.

"तरीच," ती म्हणाली.

तिने विचारलं, अर्थिंग कुठे दिलंय. मी दाखवलं. गीझरच्या तिसऱ्या पिनची तार पाण्याच्या पाइपाला गुंडाळलेली, सहा वेढे, एकाला एक लागून. पाइप जमिनीत जातो, म्हणजे गळलेला करंट जमिनीत जातो. त्या काळी सगळे तसंच करायचे. बाईने पिशवीतून पकड काढली. मागच्या गॅलरीत गेली आणि खाली जाणाऱ्या पाइपावर पकड आपटली. टप टप, असा बसका आवाज.

"काका, हा तर प्लास्टिकचा आहे."

आहेच. सोसायटीने सगळे गंजके पाइप बदलले, त्याला सोळा वर्षं झाली. ठराव मीच मांडला होता.

"म्हणजे तुमच्या घरातला लोखंडी पाइप गेली सोळा वर्षं अधांतरी आहे. गीझरमधून करंट गळला की तो जमिनीत जाणार नाही, या नळात येऊन बसणार. आणि नळ धरणाऱ्यातून जमिनीत जाणार." तिने गीझर चालू केला, पिशवीतल्या मीटरचं एक टोक नळाच्या तोंडात आतून टेकवलं, दुसरं मोरीच्या लोखंडी जाळीला. आकडा आला शहाण्णव व्होल्ट. मी पुढे झालो तर तिने कोपराने मला मागे ढकललं. "हात खिशात घाला काका. दोन्ही."

मग ती नळाकडेच बघत राहिली. "ही सायकलची ट्यूब कुणी गुंडाळली?"

"आमच्या हिने. बोटं दुखायची तिची, पकड यावी म्हणून."

"पकडीसाठी असती तर मुठीला गुंडाळली असती. ही बघा, पार भिंतीपर्यंत आहे. उघडं लोखंड ठेवलंच नाही कुठे." स्वयंपाकघरातल्या नळालाही तशीच निघाली. मी रोज त्याखाली कप धुतो. "हुशार होत्या हो काकू," ती म्हणाली.

गीझरची वायर तोडून, टोकांना पट्टी लावून गेली. म्हणाली, मी सांगेपर्यंत या पॉइंटला कुणी हात लावायचा नाही.

८ फेब्रुवारी

मी पाचला आंघोळ करायचो. सहाच्या पाळीला बाहेर पडायचो. ही गीझर लावायची सातला.

आणि नळ धरून दाखवला, तो संध्याकाळी. गीझर बंद होता.

आज एवढंच.

९ फेब्रुवारी

काल पान पुरं करता आलं नाही. आज करतो.

तीस वर्षं मी कारखान्यातल्या पोरांना सांगत आलो, मशीनचा दोष शोधायचा तर मशीन चालू असताना शोधा. आणि घरात बंद मशीनसमोर उभा राहून दोन माणसांना खोटं पाडलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. तेरा वर्षं माझ्या बायकोने घाबरत घाबरत पाणी घेतलं. रोज. मी पेपर वाचत बसलेला, आणि ती आत ट्यूब गुंडाळते आहे. ट्यूब माझ्याच जुन्या सायकलची होती. मी तिला विचारलंसुद्धा होतं, ट्यूब कुठे गेली म्हणून. तिने सांगितलं, फेकली.

का नाही भांडली? भाजीवाल्याशी अर्धा तास भांडू शकायची. माझ्याशी एकदा तरी जोरात भांडायला हवं होतं तिने. खरं म्हणजे भांडली होती. मीच तिला दारात उभं करून गप्प केलं.

ही असती तर आज मी तिच्यासमोर कान धरले असते. खरंच धरले असते. आता कुणासमोर धरू?

१२ फेब्रुवारी

वायरमनबाईने कामाचा कागद करून दिला. बिल्डिंगमागे जमिनीत खड्डा, त्यात तांब्याचा रॉड, तिथून वरपर्यंत जाड हिरवी वायर, प्रत्येक पॉइंटला तिसरी तार, आणि करंट गळला की क्षणात तुटणारा स्विच. खड्ड्याला सोसायटीची परवानगी हवी. गेलो सेक्रेटरीकडे. तो म्हणतो, "चाळीस वर्षं कुणाला काही झालं नाही, आता तुमचंच काय निघालं?" शब्दन् शब्द माझाच! फक्त तोंड त्याचं. मला इतका राग आला की त्याच्यावर आला की माझ्यावर, ते कळेना.

मग म्हणाला, ती माझी स्कूटर लावायची जागा आहे. म्हटलं, साहेब, तुमच्या घरातही माझ्यासारखाच पाइप आहे, तुमच्या सूनबाई गरम पाण्यानेच नाहतात ना? त्याने हातातला चहा खाली ठेवला आणि आत जाऊन सुनेला काहीतरी विचारलं. बाहेर आला तो घाम पुसत. मीटिंग-बिटिंग काही नको म्हणाला, उद्या खणा. आणि त्या बाईला माझ्याकडेही पाठवा.

१३ फेब्रुवारी

हे लिहू की नको, असं झालंय. पण मग डायरी कशाला ठेवायची?

दुपारी बाथरूममध्ये गेलो. नळावरची ट्यूब सोडवली. आतला नळ नव्यासारखा चकचकीत निघाला. जमीन ओली केली, अनवाणी उभा राहिलो आणि नळ मुठीत धरला. गीझर तोडलेला आहे, काही होणार नाही, हे मला माहीत होतं. तरी धरला. वाटलं, एकदा तरी बसावा. ती रोज सोसत होती, ते काय होतं ते कळावं. किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. नळ नुसता गार होता.

तिची इतकी आठवण दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशीही आली नव्हती. तेव्हा माणसं होती, चहा होता, सह्या होत्या. आज काहीच नव्हतं मध्ये.

१६ फेब्रुवारी

तीन दिवस घराचा उकिरडा झालाय, सगळीकडे सिमेंटची धूळ. भिंतीला चर पाडलेत. बाई एकटी काम करते आणि करता करता मला शिकवते. मी आता छाती काढत नाही, बॅटरी धरतो.

आज पाइपांचं काम झालं. गरम पाण्याचा, गार पाण्याचा, सिंकखालचा, गॅसचा, सगळ्या लोखंडाला पितळी पट्टे आवळून हिरव्या वायरने एकमेकांशी जोडलं. मी विचारलं, गीझर तर नवा, त्याला अर्थिंगही झालं, मग पाइपांची ही वरात कशाला?

"काका, शॉक कधी बसतो? एका हातात एक लोखंड, दुसऱ्या हातात दुसरं, आणि दोघांत फरक असला की. सगळी एका दावणीला बांधली की फरकच राहत नाही. चढली तर सगळी चढतील, उतरली तर सगळी उतरतील. मधल्या माणसाला काही कळणार नाही."

नवीन स्विचवर एक छोटं बटण आहे. ते दाबलं की फटकन सगळं घर बंद. महिन्यातून एकदा दाबून बघायचं, म्हणाली. मी चारदा दाबलं. पाचव्यांदा तिने माझा हात धरला. "पुरे. खेळणं नाही ते."

जाताना तिला विचारलं, जे अडकून बसलं होतं ते. बाई, आमची ही फुप्फुसाने गेली. त्याचा आणि याचा काही संबंध? ती पिशवी भरायची थांबली. "नाही काका. याने मारलं असतं तर जागच्या जागी मारलं असतं. ते झालं नाही. त्यांनीच होऊ दिलं नाही." मग स्वतःहून म्हणाली, दुसऱ्याच्या घरात शिरून वायरिंगला नावं ठेवणं सोपं असतं. तिच्या वडिलांच्या हातची अशी कितीतरी घरं तिने उसकटली आहेत.

१८ फेब्रुवारी

आज लेकीला फोन केला. सकाळपासून चार वेळा नंबर काढून चार वेळा ठेवला. आधी इकडचं तिकडचं. मग सांगितलं, नवा गीझर बसवला, अर्थिंग नवीन केलं. ती म्हणाली, "बरं झालं." असं म्हणाली की जसं मी पडदे बदलले.

मग म्हटलं, "ऐक. तू आणि तुझी आई खरं बोलत होतात. नळाला करंट येत होता. चूक माझी होती. तुमचं ऐकलं नाही, वर तुम्हाला खोटं पाडलं."

फोन कट झाला वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"आहे मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, मी साबणावर घसरले नव्हते."

ती सांगत होती. एका हाताने बादली धरलेली, दुसरा नळावर. हात सुटेचना. आईने दार ढकलून लाकडी पाटाने तिचा हात झटकला, तेव्हा ती पडली. टाके घालताना मी डॉक्टरला सांगितलं, साबण. मी इतकं ठासून सांगितलं की त्या पडण्याबद्दल दोघी पुन्हा काही बोलल्या नाहीत. "तुम्ही मला त्या दिवशी एकदा तरी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाली, मीटिंग आहे, ठेवते.

म्हणजे जावयाने कान भरले नव्हते. ती माझ्यावर रुसलेलीसुद्धा नव्हती. तिला या घराची भीती वाटत होती, आणि ते मला सांगून उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं. पालथ्या घड्यावर कोण पाणी ओतणार?

२१ फेब्रुवारी

फोन नाही. मी करत नाही. केला आणि तिने गेस्ट हाउस म्हटलं, तर?

नातीसाठी लाल बादली आणि छोटा मग आणला. दुकानदार म्हणाला, किती वर्षांची? मी म्हटलं, पाच. म्हणाला, राहायला येतेय का? मी म्हटलं, बघू.

२५ फेब्रुवारी

मेसेज आला. "रविवारी सकाळी पोचतो. टॉवेल घरी आहेत ना, की आणू?"

बावीस वेळा वाचला. टॉवेल घरी आहेत! सहा आहेत! नसते तर मी विणले असते. उत्तर लिहिताना बोटं चुकीच्या अक्षरांवर पडत होती, शेवटी नुसतं "आहेत" एवढंच पाठवलं.

१ मार्च

आल्या. गाडी दोन तास उशिरा, दोघी धुळीने माखलेल्या. नात दारातच म्हणाली, "आजोबा, तुमचं घर लहान आहे." म्हटलं, हो बाई, मीही लहानच आहे.

लेक घरभर फिरली. भिंतीवरचे बुजवलेले चर बघितले, हिरवी वायर कुठून कुठे गेलीय ते बघितलं. सिंकखाली वाकून पितळी पट्ट्याला बोट लावलं. स्विचवरचं बटण स्वतः दाबलं, सगळं बंद झालं, मग परत चालू केलं. बॅगेतून कपडे काढले आणि बाथरूममध्ये गेली. कडी लावल्याचा आवाज आला. मी आणि नात बाहेर बसलो. बराच वेळ नळ उघडल्याचा आवाज नाही. मी पेपर उलटा धरला होता, हे नातीने दाखवून दिलं. मग पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि चालूच राहिला. तीन बादल्या झाल्या असतील. बाहेर आली तेव्हा तोंड लालबुंद होतं, डोळेही. म्हणाली, "छान तापतं पाणी." मी म्हटलं, "हो ना." एवढंच बोललो आम्ही.

मग नातीची पाळी. तिला म्हटलं, चल, तुझा मग बघ. ती नळापाशी गेली, थांबली, आणि उजव्या हाताची पालथी दोन बोटं नळाला हळूच टेकवून झटकन मागे घेतली. पुन्हा एकदा टेकवली. मग नळ सोडला.

मी म्हटलं, "हे काय गं?"

"आधी विचारायचं असतं नळाला. बरा आहेस का म्हणून."

"कुणी शिकवलं?"

"आईने. आईला आजीने शिकवलं." तिने ते असं सांगितलं, जसं जेवणाआधी हात धुवायचे असतात.

आमची ही गेली तेव्हा ही पोर दोन वर्षांची होती. तिच्या घरात सगळं नवं, सगळं नीट, इथून एक दिवसाच्या अंतरावर. तिथेही ती रोज नळाला विचारते. लेक दारात उभी होती, केस पुसत. म्हणाली, "राहून गेलीय सवय बाबा. कुठेही गेले तरी हात आधी तसाच जातो."

नात माझ्याकडे बघत होती. "आजोबा, आजी इथल्याच नळाला विचारायची?"

"हो. याच."

"मग नळ काय म्हणायचा?"

मी तिला खरं तेच सांगितलं. मला माहीत नाही. मी तुझ्या आजीला कधी विचारलंच नाही.

"का नाही विचारलं?" ती म्हणाली, आणि लाल मग पाण्यात बुडवून माझ्या उत्तराची वाट बघत राहिली.